दुसरा किल्ट

मनुष्य कोणतीही वस्तू प्रथम घेतो ती गरजेपोटी, अथवा निदान गरजेचे नाव पुढे करून. पावसाकरिता पहिली छत्री, वेळेकरिता पहिले घड्याळ, थंडीकरिता पहिली शाल. त्याच जातीची दुसरी वस्तू घेताना मात्र ते नाव पुढे करण्याची सोय उरत नाही. तेथे मनाच्या कचेरीत वकील उभा करावा लागतो. आणि वादी, प्रतिवादी, वकील व न्यायाधीश या चारही जागा आपल्याच ताब्यात असल्यामुळे निकाल कोणता लागणार याविषयी फारशी चिंता बाळगण्याचे कारण नसते. २०२४ सालच्या जुलै महिन्यात एडिंबरो शहरी असा एक खटला आम्ही तीन दिवस चालविला. खटल्याचा विषय होता किल्ट. आणि तोही दुसरा.

पुण्यात राहणाऱ्या, तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आणि पोशाखाच्या बाबतीत करड्या पाटलोणीपलीकडे कधी धाडस न केलेल्या प्राध्यापकापाशी पहिला किल्ट तरी कोठून आला, असे वाचकांच्या मनात येईल. तो इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. आमची कन्या उच्च शिक्षणासाठी स्कॉटलंडात गेली आणि तेथीलच एका तरुणाशी २०१६ साली तिने विवाह केला. जावई मॅकेंझी कुळातले. लग्नाच्या आधी काही दिवस आमचे व्याही आम्हांस म्हणाले, "लग्नात तुम्ही 'अवर टार्टन' नेसलात तर आम्हांस आनंद वाटेल." टार्टन म्हणजे तिकडचे चौकड्यांचे लोकरी कापड, कुळाकुळाची चौकडी निराळी. दुसऱ्याच्या कुळाची खूण आपण अंगावर कशी मिरवावी, या संकोचाने आम्ही हात जोडून नकार दिला आणि ब्लॅक वॉच नावाचे, निळ्या-हिरव्या-काळ्या रंगांचे टार्टन पसंत केले. कारण ते कोणा एका कुळाचे नाही, कोणीही नेसावे, असे दुकानदाराने सांगितले होते. लग्नाच्या दिवशी तो किल्ट, पुढे लोंबणारा कातडी बटवा आणि मोज्यात खोचायचा चिमुकला सुरा, असा सगळा थाट करून आम्ही बाहेर आलो, तेव्हा कन्या खदखदून हसली, आणि मग एकाएकी तिने खिडकीकडे तोंड फिरविले. तो किल्ट घेतल्याचे सार्थक त्या क्षणी झाले.

त्यानंतर तो पुण्यास आला आणि डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात ट्रंकेत विसावला. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास त्याला गच्चीच्या दोरीवर ऊन दाखविण्यात येते. एकदा शेजारच्या लहान मुलीने तो पाहून आमच्या गृहिणीस विचारले, "आजी, एवढ्या मोठ्या मुलीची शाळा कोणती हो?" चौकड्यांचा झगा म्हणजे शाळेचा गणवेश, एवढाच त्या बालजीवास अनुभव! गृहिणीने त्या मुलीस कोणते उत्तर दिले ते आम्ही मुद्दामच विचारले नाही.

असो. २०२४ साली आम्ही उभयता पुन्हा लेकीकडे गेलो. एडिंबरोच्या किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत जो उतरता राजरस्ता आहे, त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत एक जुने दुकान दिसले आणि त्याच्या काचेआड तो किल्ट दिसला. रंग तेच, आमच्या ट्रंकेतले: गडद निळा, हिरवा, काळा. परंतु हिरव्यावर एक पांढरी रेघ आणि निळ्यावर एक तांबडी रेघ, प्रत्येकीस काळी किनार. बस्स, एवढाच फरक. पण अमावास्येच्या अंधारात कोणी दूरवर दोन दिवे लावावेत, तसे त्या दोन रेघांनी सबंध कापड जागे केले होते. आम्ही जवळ जाऊन खालची चिठी वाचली. मॅकेंझी टार्टन. आठ वर्षांपूर्वी नाकारलेले तेच.

"अहो, हा तर आपल्या ट्रंकेतलाच!" गृहिणी म्हणाली.

"छे, यात रेघा आहेत."

"किती?"

"दोन."

"आणि किंमत?"

मापाने शिवून घेतल्यास ६२० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सहासष्ट हजार रुपयांच्या घरात, असे दुकानदाराने सांगितले. "म्हणजे रेघेला तेहतीस हजार," एवढेच बोलून गृहिणी तेथील खुर्चीवर बसली. गणित हा तिचा विषय होता हे आम्ही कधी कधी विसरतो.

दुकानदार वृद्ध व बोलका होता; गळ्यात फीत, हातात खडू. एका किल्टला आठ वार कापड लागते, हे ऐकून गृहिणीने प्रथमच कुतूहल दाखविले. कारण लुगड्यास नऊ. मग त्याने जुन्या किल्टची हकीकत सांगितली. पूर्वी तो शिवलेला नसेच. कमरपट्टा जमिनीवर टाकायचा, त्यावर लांबलचक लोकरी कापड पसरायचे, हातांनी चुण्या घालायच्या, त्यावर उताणे निजायचे, दोन्ही पदर पोटावर ओढून पट्टा आवळायचा आणि उठून उरलेले कापड खांद्यावर टाकायचे. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. हे ऐकताना आम्हांस आमचे आजोबा भिंतीकडे तोंड करून धोतराच्या निऱ्या घालीत ते आठवले. न शिवलेले कापड निऱ्यांच्या बळावर अंगावर ठरवावयाचे, ही कला आपणांस परकी नाही. किल्टला 'घालणे' हे क्रियापद आमच्या जिभेवर येत नाही, 'नेसणे' हेच येते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

त्या रात्री खटल्यास प्रारंभ झाला.

पहिला आक्षेप अधिकाराचा. दुसऱ्या कुळाची चौकडी आपण नेसावी काय? २०१६ साली याच आक्षेपापुढे आम्ही मान तुकविली होती. परंतु अध्यापनाच्या निमित्ताने स्कॉटचे वाङ्मय चाळताना या टार्टनांचा पूर्वेतिहास आम्हांस थोडाबहुत ठाऊक झाला होता, आणि आता तो फिर्यादीच्या विरुद्ध साक्षीस उभा राहिला. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर हायलँडर लोकांचे बंड मोडल्यावर पार्लमेंटने कायदा करून पुरुषांस हा पोशाख करण्यास बंदी केली. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे काळे पाणी. हा कायदा १७८२ साली रद्द झाला, तोवर एक पिढी उलटून गेली होती. मग १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. स्वागताची सारी व्यवस्था वॉल्टर स्कॉटकडे होती. आणि त्या स्थूलदेही राजाने स्वतः तांबडे टार्टन नेसून, उघड्या पायांची लाज राखण्याकरिता आत कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढविले. राजा नेसला म्हणताच सगळ्यांस आपापल्या कुळाचे टार्टन हवे झाले. बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर पेढीच्या वह्यांत त्याआधी कित्येक नमुन्यांना नुसते क्रमांक असत. त्यांतल्या काहींना पुढे कुळांची नावे मिळाली. १८४२ साली दोन भावांनी कुळवार टार्टनांचा एक ग्रंथ प्राचीन पोथीच्या आधारे म्हणून छापला. ती पोथी बनावट होती आणि राजवंशाशी त्या भावांनी सांगितलेले नातेही बनावट होते. तरी त्यातील कित्येक चौकड्या लोक आजही अभिमानाने नेसतात. २००९ पासून तर टार्टनांची सरकारी नोंदवही आहे आणि कोणीही नवा नमुना रचून तीत नोंदवू शकतो. सारांश, ज्याला आम्ही अनादि कुलाचार समजून भ्यालो, तो पुष्कळ अंशी विणकरांचा, राजाचा आणि कादंबरीकाराचा संयुक्त उद्योग निघाला. अधिकाराचा आक्षेप फेटाळण्यात आला.

दुसरा आक्षेप अधिक बिकट होता. नेसणार कोठे? दोन किलो वजनाची लोकर पुण्याच्या हवेत नेसणे म्हणजे स्वतःस भट्टी लावून घेणे. पहिला किल्ट एकदाच अंगास लागला. दुसऱ्याचे दैव याहून थोर असण्याचे चिन्ह नव्हते. आणि आणखी एक गोष्ट होती. ट्रंकेत एकच किल्ट आहे तोवर ती लेकीच्या लग्नाची आठवण आहे. दोन झाले की तो संग्रह होईल, आणि संग्रहात पहिल्याचे माहात्म्य उरत नाही. हा मुद्दा आम्हांस इतका निरुत्तर करणारा वाटला की आम्ही तो रात्री अकरा वाजता गृहिणीपुढे मोठ्याने मांडला.

"माझ्या तीन पैठण्या आहेत," ती कूस न बदलता म्हणाली. "एक माझ्या आईने दिली, एक लेकीच्या लग्नात घेतली, एक तुमच्या आईची. मी संग्रह करते असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. वस्त्र किती आहेत ते कशाला मोजायचे? कुणासाठी घेतले ते सांगता आले म्हणजे झाले. पहिला लेकीसाठी घेतलात. हा कुणासाठी?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. 'दोन रेघांसाठी' असे उत्तर त्या वेळी, त्या स्वरात विचारणाऱ्या बाईस देणे शहाणपणाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच दुकानात गेलो. आम्ही हिंदुस्थानातून आलो हे कळल्यावर दुकानदार आनंदला आणि खणातून एक जुने पितळी बिल्ल्यासारखे चिन्ह काढून आमच्या तळहातावर ठेवीत म्हणाला, "मग हे तुमच्या ओळखीचे असेल." ते लष्करी कोटाच्या गळपट्टीवर लावायचे चिन्ह होते. त्यावर एक हत्ती होता. या थंड, धुकट मुलखातल्या पलटणीस हत्ती कशाला, असे आमच्या तोंडून निघणार, तोच हत्तीच्या वरची अक्षरे दिसली. इंग्रजी लिपीतले ते नाव आम्ही दोनदा वाचले. असई.

मग सगळे कळले. मॅकेंझी घराण्याच्या सरदाराने १७९३ साली ७८वी हायलँडर्स पलटण उभी केली. काचेआडचे कापड तिच्या गणवेशाचे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत ही पलटण आर्थर वेलस्लीच्या बाजूने होती. समोर दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा. त्या विजयाची खूण म्हणून तिला हत्ती मिळाला. १८८१ साली ती सीफोर्थ हायलँडर्समध्ये विलीन झाली आणि हत्तीही तिकडे गेला.

असई आज जालना जिल्ह्यात आहे. आमचे आजोळ त्याच बाजूस, केळणेच्या खोऱ्यात. लहानपणी मे महिन्यात बैलगाडीतून ते वाळूचे पात्र ओलांडताना आजोबा चाबकाने दिशा दाखवून म्हणत, "त्या अंगाला मोठी लढाई झाली बाबा, आपली माणसं फार गेली." कोण, किती, कोणाशी, हे ते सांगत नसत, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे. पुढे आम्ही इंग्रजी पुस्तकांतून त्या लढाईचे वर्णन वाचले, त्यात वेलस्लीचा उदय होता. आजोबांची माणसे त्यात फक्त 'शत्रू' होती. आणि आता पन्नाशी उलटल्यावर आम्ही त्याच पलटणीचे कापड सहासष्ट हजार रुपये देऊन अंगास लावून घेण्याच्या विचारात होतो! आम्ही ते चिन्ह परत दिले आणि किल्टकडे न पाहता बाहेर पडलो. खटला निकालात निघाला, असे आम्हांस वाटले.

सायंकाळी व्याह्यांबरोबर किल्ल्यापुढील पटांगणात फिरावयास गेलो. तेथे ७८व्या पलटणीचा, १८५७-५८ साली हिंदुस्थानात मेलेल्या तिच्या लोकांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी क्रूस आहे. आम्ही त्यापुढे थबकलो आणि हत्तीची गोष्ट काढली. व्याही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे आजोबा सीफोर्थमध्ये होते. त्यांच्या कोटावरच्या हत्तीशी मी लहानपणी खेळत असे. त्यावर लिहिलेले ते गावाचे नाव आहे, हे आज तुमच्याकडून कळते आहे. मला ते लष्करी ब्रीदवाक्य वाटे."

"गाव आहे," आम्ही म्हटले. "माझ्या आजोळापासून फार लांब नाही."

वारा बोचरा होता. दोघे म्हातारे कोटाच्या खिशांत हात घालून त्या दगडाकडे पाहत उभे राहिलो. एकाच्या आजोबांनी चाबकाने दिशा दाखविली होती, दुसऱ्याच्या आजोबांनी कोटावर हत्ती मिरविला होता. आणि दोघांच्याही घरी त्या मागची हकीकत कोणी सांगितली नव्हती. आणखी एक विचार मनात आला. घरी बंदी होती त्या काळातही, हे कापड राजाच्या पलटणीत भरती झालेल्यास नेसता येत असे. रानावनातला गरीब हायलँडर पलटणीत शिरला आणि समुद्र ओलांडून निघाला, तो हौसेने किती आणि पोटासाठी किती, हे कोणी सांगावे? इकडे शिंद्यांच्या कवायती पायदळावरही युरोपियन अंमलदार होते. केळणेकाठी मेलेल्यांपैकी कोण कोणाचा होता, हे त्या क्रूसापुढे उभे राहून ठरविणे सोपे नव्हते.

"म्हणजे आता तुम्ही 'अवर टार्टन' कधीच नेसणार नाही," व्याही हळूच म्हणाले. आम्ही उत्तर दिले नाही. ते रागावले नव्हते. पण आठ वर्षांपूर्वीचा आमचा नकार त्यांच्या मनात कोठेतरी राहिला होता, हे त्या एका 'कधीच'वरून प्रथमच आमच्या ध्यानी आले.

रात्री जेवताना ही गोष्ट पुन्हा निघाली. आमचा नातू पाच वर्षांचा. ऑगस्टात शाळेत जावयाचा होता. त्याची मराठी आईकडून आलेली, आणि टेलिफोनवर आजीकडून दुरुस्त झालेली. त्याने हातातला चमचा खाली ठेवून विचारले, "आजोबा, हत्ती कुणाचा होता? तुमचा का यांचा?"

'आमचा' असे म्हणण्यास आम्ही तोंड उघडले. पण टेबलाच्या या बाजूस आम्ही, त्या बाजूस व्याही, आणि मध्ये तो. 'आमचा' म्हटले असते तर त्याला एका बाजूस ढकलल्यासारखे झाले असते.

"आपला," आम्ही म्हणालो.

त्याचे समाधान झाले व तो पुन्हा भातास लागला. आमचे मात्र जेवणावरचे लक्ष उडाले. तीस वर्षे आम्ही मुलांना शिकवीत आलो की, मराठीत जेथे 'आमचा' आणि 'आपला' असे दोन शब्द आहेत तेथे इंग्रजीत एकच आहे. 'आमचा' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला' म्हणताना तो आत येतो. भाषांतर करताना कोणता घ्यावयाचा ते प्रसंग पाहून ठरवा. आणि २०१६ साली व्याही 'अवर टार्टन' म्हणाले, तेव्हा या भाषापंडिताने प्रसंग न पाहताच त्याचे भाषांतर 'आमचे टार्टन' असे केले! ते बिचारे 'आपले' म्हणत होते. आम्ही ज्याला संकोच म्हणत होतो, त्यात विनय किती आणि उंबऱ्याबाहेर राहण्याची सोय किती, याचा हिशेब त्या रात्री लागला. तो फारसा आमच्या बाजूचा नव्हता.

असईचे काय, असे कोणी विचारील. ती विसरावी असे आम्ही म्हणत नाही. उलट न विसरताच हे कापड नेसता येईल, असे आम्हांस वाटू लागले. आदल्या दिवशी ते घेतले असते तर दोन सुंदर रेघांच्या मोहाने घेतले असते. आता त्या रेघा कोठून कोठे गेल्या हे ठाऊक होते, आणि मुख्य म्हणजे ते दोघांनाही ठाऊक होते. गृहिणीच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले. झोपण्यापूर्वी आम्ही ते तिला सांगितले. "मग लवकर सांगायचे," ती म्हणाली. "मी पुढच्या दोन महिन्यांच्या खर्चाचा आराखडा कालच बदलून ठेवला आहे."

तिसऱ्या दिवशी व्याह्यांस बरोबर घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने कमरेचे माप घेतले. ते २०१६ पेक्षा तीन इंच अधिक भरले, पण तो सुसंस्कृत गृहस्थ असल्यामुळे त्याने आकडा मोठ्याने उच्चारला नाही. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. चुण्या कशा घालावयाच्या? एक रीत अशी की प्रत्येक चुणीवर तीच एक उभी रेघ यावी, म्हणजे मागून पाहता सगळ्या रेघा शिस्तीत उभ्या दिसतात. पलटणीत बहुधा ही रीत चाले. दुसरी रीत अशी की चुण्या घातल्यावरही कापडाची सबंध चौकडी मोडू नये, ती मागल्या बाजूसही जशीच्या तशी जुळून दिसावी. हे काम अधिक किचकट, पण घरी नेसण्याच्या किल्टला हीच रीत साधारणपणे वापरतात.

आम्ही व्याह्यांकडे पाहिले. त्यांनी आमच्याकडे पाहिले.

"चौकडी जुळवा," आम्ही दुकानदारास सांगितले.